कीटोवर आहात? साखर आणि कीटोन घरी असे मोजा

कीटो म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि चरबी जास्त असा आहार. भात-पोळी सोडून चार दिवस झाले की प्रश्न पडतोच: शरीर खरंच कीटोसिसमध्ये गेलंय का, म्हणजे साखरेऐवजी चरबी जाळून त्यातून कीटोन नावाची रसायनं बनवू लागलंय का? लघवीच्या पट्ट्या स्वस्त, पण त्या अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हा कीटोन दाखवतात. रक्तातला मुख्य कीटोन, म्हणजे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, त्यांना दिसत नाही. शिवाय भरपूर पाणी प्यायलं की रंग फिका पडतो. म्हणून रक्तच तपासायचं.

मीटर साखर आणि कीटोन दोन्ही मोजणारं घ्या. दोन्हींच्या स्ट्रिप वेगळ्या असतात आणि कीटोनची बरीच महाग पडते, तेव्हा रोज मोजायचा हट्ट नको. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा खाऊन हात न धुता मोजलं, तर बोटावरचीच साखर मोजली जाते! सुई बोटाच्या टोकावर नको, कडेला टोचा. तिथे कमी दुखतं. बोट जोरात पिळू नका. एकाच टोचणीत आधी साखर, मग कीटोन उरकून घ्या.

वेळ मात्र ठरलेली हवी. पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत साखर सोडतं आणि बहुतेकांचे कीटोन सकाळी कमीच दिसतात. तेवढ्यावरून हिरमुसू नका. मी रात्रीच्या जेवणाआधीची वेळ सुचवेन. सकाळच्या आकड्याची संध्याकाळच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

रक्तातले कीटोन लिटरमागे 0.5 ते 3.0 मिलिमोल असले की आहारामुळे आलेलं कीटोसिस म्हणतात. 2.5 म्हणजे 1.2 पेक्षा दुप्पट चरबी जळाली, असं मुळीच नाही. दोन्ही आकडे एकत्र बघायचे तर आपल्याकडची मिलिग्रॅममधली साखर 18 ने भागा आणि आलेल्या उत्तराला कीटोनने भागा. साखर 90, कीटोन 1.2 असतील तर 5 भागिले 1.2, म्हणजे सुमारे 4.2. हा निर्देशांक जितका कमी, तितकं कीटोसिस खोल.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कीटो सुरूच करू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर साखर जवळपास नॉर्मल दिसूनही कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी करणारा जीवघेणा कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मधुमेह असताना कीटोन 3 च्या वर गेले, किंवा उलट्या, पोटदुखी, धाप लागली, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.