नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल बघा

स्कूटर-बाईकचा स्टार्टर दाबला की नुसतं ‘टक’ होतं, हॉर्न घोगरा वाजतो आणि आपण बॅटरी गेली म्हणून मोकळे होतो. गोव्यातल्या मोरजी-मांद्रेकडच्या खाऱ्या हवेत, त्यातही पावसाळ्यात, पुष्कळदा बॅटरीचं टर्मिनलच (जिथे वायर जोडतात ते टोक) गंजलेलं असतं. सीट काढून बघा, पांढरी-हिरवट पूड दिसेल.

१. चावी बंद. आधी निगेटिव्हची काळी वायर सोडवा, मग लाल.
२. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून पूर्ण कोरडं करा.
३. जोडताना आधी लाल, शेवटी काळी. स्क्रू घट्ट. वरून पेट्रोलियम जेली.

काळ्या वायरचं दुसरं टोक चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) किंवा इंजिनला बोल्टने बसवलेलं असतं, तेही सोडवून पॉलिश पेपरने चकचकीत करा. माझ्या गाडीचा दोष तिथेच निघाला, तोवर दोन महिने किक मारून पाय दुखायला आले होते.

तरीही अडलं तर बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीला रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५. रेस देऊनही आकडा चढत नसेल तर चार्जिंग तपासून घ्या, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, वायरिंग पेटतं.