लेड झेपेलिनचे सगळे स्टुडिओ अल्बम कसे जमवावेत

पहिला रुपया खर्च करण्याआधी एक वही घ्या आणि तिच्यात नऊ ओळी लिहा. 'सगळे अल्बम' म्हणजे नेमके कोणते, हे ठरवल्याशिवाय बाजारात उतरलेला माणूस हमखास भलतंच काहीतरी घेऊन घरी येतो. मी परभणीचा. आमच्याकडे इंग्रजी रॉकच्या रेकॉर्डचं दुकान नाही, जे काही आणायचं ते प्रवास करून किंवा पार्सलनं. म्हणून चुकीच्या खरेदीची किंमत आपल्याला जरा जास्तच मोजावी लागते.

बँड लेड झेपेलिनच का? एक तर या इंग्लिश रॉक बँडमधले चौघं, गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट, बास वाजवणारा जॉन पॉल जोन्स आणि ड्रमर जॉन बॉनम, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच राहिले. माणसं बदलली, नाव तेच, असली भानगड इथे नाही. दुसरं म्हणजे यादी आटोपशीर आहे. सगळं मिळून जेमतेम सात तासांचं संगीत. नोकरी-शेती सांभाळून वर्षभरात पूर्ण होणारा हा संग्रह आहे आणि त्या सात तासांत ब्लूजपासून लोकसंगीतापर्यंत एवढं काही आहे, की वर्ष कमी पडावं.

वहीतल्या ओळी अशा. बँडच्याच नावाचा पहिला अल्बम, जानेवारी १९६९. दुसरा त्याच वर्षी ऑक्टोबरात. तिसरा १९७०. चौथा नोव्हेंबर १९७१. याच्या कव्हरवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. आत चौघांची चार चिन्हं आहेत, म्हणून कुणी त्याला 'फोर' म्हणतं, कुणी 'झोसो'. दोन नावं ऐकून दोन अल्बम समजू नका. मग 'हाउसेस ऑफ द होली' १९७३, 'फिजिकल ग्राफिटी' १९७५ (हा दोन रेकॉर्डचा आहे), 'प्रेझेन्स' १९७६, 'इन थ्रू द आउट डोअर' १९७९ आणि 'कोडा' १९८२.

'कोडा'वर वाद आहे. २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनम गेला, उरलेल्या तिघांनी त्याच डिसेंबरात बँड थांबवला आणि दोन वर्षांनी आधीच्या शिल्लक ध्वनिमुद्रणांतून हा अल्बम बांधला गेला. म्हणून काही जण आठच मोजतात. मी नऊ मोजतो, आणि त्याचं कारण शेवटी येईलच.

वहीत उजव्या पानावर 'हे नको' अशी दुसरी यादी करा. 'द साँग रिमेन्स द सेम' (१९७६), 'बीबीसी सेशन्स' (१९९७), 'हाउ द वेस्ट वॉज वन' (२००३) ही मैफलीतली किंवा रेडिओवरची ध्वनिमुद्रणं आहेत. 'मदरशिप' (२००७) म्हणजे निवडक गाण्यांचं संकलन. सगळी ऐकण्यासारखी आहेत, पण आपल्या नऊ ओळींत बसत नाहीत. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी 'संपूर्ण स्टुडिओ संच' म्हणून एक गठ्ठा मागवला होता. पार्सल फोडलं तर 'प्रेझेन्स' गायब आणि त्याच्या जागी मैफलीचा अल्बम. संख्या बरोबर भरली होती. वही शेजारी ठेवून फोटोतलं एकेक नाव ताडून पाहिलं असतं तर पैसे देण्याआधीच लक्षात आलं असतं.

रेकॉर्ड की सीडी?

दोन्हींची खिचडी करू नका. सीडी घ्यायच्या असतील तर जिमी पेजच्या देखरेखीखाली २०१४ आणि २०१५ मध्ये निघालेल्या रीमास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्यानं साफसूफ केलेल्या, आवृत्त्या घ्या. पहिले तीन अल्बम जून २०१४ मध्ये आले, पुढचे दोन ऑक्टोबरात, 'फिजिकल ग्राफिटी' फेब्रुवारी २०१५ मध्ये आणि शेवटचे तीन त्याच वर्षी जुलैअखेर. डिलक्स आवृत्तीत प्रत्येकासोबत न ऐकलेल्या ध्वनिमुद्रणांची वेगळी सीडी आहे. १९९३ चा दहा सीडींचा संच एका दमात सगळं देतो, पण मला तो रस्ता पटत नाही. नऊ अल्बम एकाच दिवशी घरात आले की नीट ऐकले जातात ते दोनच.

रेकॉर्डच हव्या असतील तर नव्या छपाईच्या घ्यायच्या की जुन्या, हेही आत्ताच ठरवा. आवाज हाच हेतू असेल तर २०१४-१५ च्या नव्या रेकॉर्ड उत्तम, शिवाय बिनओरखड्याच्या. जुन्या छपाईची ओढ वेगळी असते आणि ती मला मान्य आहे, पण तिथे डोळा तयार लागतो.

डोळा तयार करणं

हे काम घराजवळच सुरू होतं. छत्रपती संभाजीनगरला रविवारी जाफर गेटचा आठवडी बाजार भरतो. भंगार, जुनी हत्यारं, पंख्याच्या मोटारी यांच्यात एखाद्या गोणपाटावर रेकॉर्ड दिसल्या, तर बहुधा हिंदी चित्रपटांच्या नाहीतर कव्वालीच्या असतात. तिथे झेपेलिन मिळेल या आशेनं जाऊ नका. हात बसवायला जा. पन्नास रेकॉर्ड हाताळल्या की चांगली-वाईट ओळखू येते, मग ती कुणाचीही असो.

मी रेकॉर्ड अशी पाहतो. कव्हरमधून काढताना अंगठा कडेला, बाकीची बोटं मधल्या लेबलवर, खाचांना स्पर्श नाही. मग ती मावळतीच्या उन्हाकडे किंवा मोबाइलच्या टॉर्चकडे तिरपी धरायची. समोरून प्रकाश पडला तर सगळ्याच रेकॉर्ड छान दिसतात, तिरप्या प्रकाशात खरं रूप कळतं. केसासारख्या बारीक रेघा बहुतेक वेळा वाजत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा मात्र प्रत्येक फेरीला टक्कन वाजणार. पुढे मधल्या भोकाकडे पाहा. लेबलवर भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील, तर ती रेकॉर्ड अंधारात चाचपडत कितीतरी वेळा लावली गेली आहे. शेवटी ती डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून कड सरळ आहे का बघा आणि कव्हरमधली तीच रेकॉर्ड आहे ना, हे लेबल वाचून खात्री करा. अदलाबदल फार होते.

विक्रेता घाई करत असेल तर शांतपणे म्हणा, "चाचा, दोन मिनिटं द्या, बघून घेतो." बघू न देणाऱ्याकडून घेऊ नका.

शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जी मोकळी पट्टी असते, तिच्यावर बारीक अंक-अक्षरं कोरलेली असतात. छपाई कुठली, कोणती, हे त्यावरून कळतं. 'डिस्कॉग्ज' या संकेतस्थळावर ते अंक टाकले की नेमकी आवृत्ती सापडते. झेपेलिनच्या दुसऱ्या अल्बमची एक गोष्ट जमवणाऱ्यांना पाठ असते: सुरुवातीच्या अमेरिकन छपाईत त्या पट्टीवर 'आरएल' अशी दोन अक्षरं आहेत, म्हणजे रॉबर्ट लडविग, ज्या मूळ तबकडीवरून रेकॉर्ड छापतात तिच्यात खाचा कापणारा तंत्रज्ञ. त्यानं तो इतक्या दणकट आवाजात कापला होता की साध्या प्लेअरवर सुई उडायची. म्हणून तो पुन्हा, सौम्य करून कापला गेला. आज त्या पहिल्या छपाईला सोन्याचा भाव आहे. ती आपल्याला लागतेच असं नाही, पण कुणी 'आरएल आहे' म्हणून जादा पैसे मागितले तर पट्टीचा फोटो मागवा.

ऑनलाइन घेताना दर्जाची अक्षरं वाचायला शिका. 'निअर मिंट' (जवळजवळ नवी) आणि 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस, थोडी वापरलेली) एवढंच घ्या. नुसतं 'गुड' लिहिलेली रेकॉर्ड प्रत्यक्षात करकर वाजते. परदेशातून मागवलं तर कस्टम आणि टपालखर्च धरून हिशेब करा. प्रत्यक्ष बघून घ्यायचं तर रात्री देवगिरी एक्स्प्रेस धरा, सकाळी मुंबई. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर रेकॉर्डची दुकानं आहेत, फक्त शुक्रवार टाळा.

क्रमानं, एकेक

निघाले त्या क्रमानं घ्या आणि एक महिनाभर ऐकून झाल्याशिवाय पुढचा घेऊ नका. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच पायरीचा आहे. पहिले दोन अल्बम अंगावर येतात. मग तिसरा लावला की गिटार एकदम लाकडी, अंगणात बसून वाजवल्यासारखी होते, कारण त्यातली बरीच गाणी पेज आणि प्लांट यांना वेल्समधल्या एका वीज नसलेल्या घरात सुचली. आधीचे दोन कानात मुरलेले नसतील तर हे वळण कळतच नाही. चौथ्यात बॉनमचा ढोल विहिरीतून आल्यासारखा घुमतो. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या जिन्याखाली ड्रम मांडून आणि माइक वर टांगून तो आवाज पकडला होता. 'प्रेझेन्स' प्लांटच्या १९७५ च्या मोटार अपघातानंतर, तो चाकाच्या खुर्चीत असताना, म्युनिकला तीन आठवड्यांच्या आत झाला. त्याची घाई आणि कडवटपणा ऐकू येतो. मला तो फार प्रिय आहे.

जुनी छपाई घेणाऱ्यांनी कव्हरं तपासावीत. तिसऱ्याच्या कव्हरात एक पुठ्ठ्याचं चाक असतं, ते फिरवलं की भोकांमधली चित्रं बदलतात. विकत घेण्याआधी चाक फिरतं का, पिन शाबूत आहे का बघा. 'फिजिकल ग्राफिटी'च्या इमारतीच्या खिडक्या कापलेल्या आहेत, त्या कोपऱ्यांत फाटतात. 'इन थ्रू द आउट डोअर' खाकी कागदी पिशवीत आला होता, आत सहा वेगवेगळी कव्हरं होती, कण्यावर 'ए' ते 'एफ' अक्षरं. एकच घ्या, सहाच्या मागे लागू नका. त्याच्या आतल्या पाकिटावरच्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर ओला ब्रश फिरवला की रंग उमटतात आणि ते कायमचे राहतात. म्हणून ते पाकीट पाण्यापासून लांब ठेवा.

सांभाळणं

मराठवाड्याचा उन्हाळा हा रेकॉर्डचा खरा शत्रू. मे महिन्यात पुण्याहून येताना माझा दुसरा अल्बम बसच्या डिकीत होता. परभणीला उतरेपर्यंत तो पापडासारखा वाकला. त्यानंतर रेकॉर्ड मांडीवर नाहीतर पायाशी, डिकीत कधीच नाही. घरात पत्र्याच्या किंवा थेट स्लॅबखालच्या खोलीत ठेवू नका. आतल्या भिंतीला, उभ्या, एकमेकींना आधार देत, पण कोंबून नाही. आडव्या रचल्या की खालच्या बिघडतात.

धुण्यासाठी बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, चांगल्या कंपनीचं, बंद बाटलीतलं. मऊ मायक्रोफायबर कापडानं खाचांच्या दिशेनं गोल पुसा, आडवं नाही. लेबल कोरडं राहू द्या. लाइट गेल्यावर स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप्लिफायर लावला तर घुंई असा आवाज येतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लावा, नाहीतर लाइट येईपर्यंत थांबा.

'कोडा' मात्र २०१५ च्या डिलक्स आवृत्तीतच घ्या, जादा पैसे पडले तरी. पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि त्यांनी तिथल्या वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, तिसऱ्या अल्बममधलं 'फ्रेंड्स' आणि चौथ्यातलं 'फोर स्टिक्स'. ती इतकी वर्षं अधिकृतपणे निघालीच नव्हती, ती या आवृत्तीत आहेत. मी नऊ मोजतो ते यासाठीच. ज्या दिवशी 'कोडा' घरी येईल त्या दिवशी आधी तिसरा अल्बम काढा, 'फ्रेंड्स' लावा आणि लगेच मुंबईचं 'फ्रेंड्स' लावा. गाणं तेच, पण या वेळी त्याच्याखाली तबला वाजत असतो.