ऑस्टिओपॅथकडे केव्हा जावे आणि त्याआधी काय तपासून घ्यावे

कापूस वेचणीच्या हंगामात दिवसभर ओटी बांधून वाकलेल्या बाईची कंबर रात्रीपर्यंत धरलेली असते, आणि भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत हीच तक्रार घरोघरी ऐकू येते. फवारणीच्या 16 लिटरच्या पंपात नुसते पाणीच 16 किलोचे असते. ते ओझे पाठीवर घेऊन वावरातल्या चिखलातून फिरणाऱ्याची मान आणि खांदे आखडणारच. अशा दुखण्यावर शेक, मालिश, हाडवैद्य, किंवा पाठीत चमक भरली तर पायाळू माणसाचा पाय लावून घेणे, हे उपाय गावात जुने आहेत. आता मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून ऑस्टिओपॅथी हा शब्दही गावात पोहोचला आहे.

नावामुळे होणारा घोटाळा आधी दूर करावा. ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञ. तो एक्स-रे पाहून निदान करतो, प्लास्टर घालतो, शस्त्रक्रिया करतो. ऑस्टिओपॅथ मुख्यतः हातांनी उपचार करतो: स्नायू दाबून मोकळे करणे, सांधे हळूहळू हलवणे, ताण देणे आणि कधीकधी सांध्याला छोटा, जलद झटका देणे. मोडलेले हाड बसवणे हे त्याचे काम नाही. म्हणून हाडवैद्याला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहू नये आणि हात मोडला असेल तर या दोघांकडेही न जाता रुग्णालयच गाठावे.

ही पद्धत अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरांनी 1874 मध्ये मांडली आणि 1892 मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. शरीर हे एकसंध आहे आणि त्याची रचना व त्याचे कार्य एकमेकांवर अवलंबून असते, हा त्यांचा मूळ विचार होता. बहुतेक रोगांचे मूळ हाडांच्या जागा बदलण्यात आहे, हे त्यांचे मत मात्र पुढे टिकले नाही. त्यामुळे मधुमेह, दमा, रक्तदाब किंवा मूल न होणे यांवर हाताने दाबून इलाज करू, असे कोणी सांगितले तर तेथून उठून यावे.

साध्या कंबरदुखीत या पद्धतीचा काही प्रमाणात उपयोग होतो. ब्रिटनमधील नाइस या, उपचारांबाबत सूचना देणाऱ्या सरकारी संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी हाताने करायच्या उपचारांचा विचार करावा असे म्हटले आहे, पण व्यायामाची जोड असेल तरच. माझ्या मते ही अट फार महत्त्वाची आहे, कारण टेबलावर अर्धा तास पडून राहिल्याने मिळालेला आराम दुसऱ्या दिवशी तेच ओझे त्याच रीतीने उचलल्यावर टिकत नाही. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप कमी होते. हलके काम व चालणे सुरू ठेवूनही ती रेंगाळली, किंवा मान आणि खांद्याचा आखडलेपणा कामात अडथळा आणू लागला, आणि डॉक्टरांनी तपासून गंभीर कारण नाही असे सांगितले, तर ऑस्टिओपॅथचा विचार करावा. तोवर गडचिरोलीहून नागपूरपर्यंत एसटीत बसून जाण्यानेच कंबर अधिक दुखण्याचा संभव आहे. जवळ फिजिओथेरपिस्ट असेल तर आधी त्यांना भेटणे सोयीचे ठरते.

काही लक्षणांत मात्र मालिशवाला, हाडवैद्य, ऑस्टिओपॅथ यांपैकी कोणाचाही हात पाठीला लागू देऊ नये. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेचा व बैठकीचा भाग बधिर झाला, पायातील शक्ती कमी होऊ लागली, तर मज्जारज्जूच्या खालच्या नसांवर दाब आलेला असू शकतो आणि त्याच दिवशी 108 क्रमांकावर फोन करून मोठे रुग्णालय गाठावे लागते. संध्याकाळी ताप येणे, वजन घटणे आणि रात्री झोपेतही पाठ दुखणे यांमागे मणक्याचा क्षयरोग किंवा कर्करोग असू शकतो. झाडावरून किंवा दुचाकीवरून पडल्यानंतरचे दुखणे, तसेच वयस्कर बाईला किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याला अचानक सुरू झालेली पाठदुखी, यांत एक्स-रे आधी काढावा. छातीत दाटून येऊन डावा खांदा दुखत असेल तर तो हृदयाचा आजार समजावा.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्या रुग्णाची हाडे दुखतात ती रक्तप्रवाह अडल्यामुळे, आणि खुब्याचे हाड आतून खराब झालेले असू शकते, म्हणून तेथे ओढाताण धोक्याची आहे. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे मणके ताठ होतात. असा ताठरपणा झटका देऊन मोकळा करण्याच्या नादात इजा होऊ शकते. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर ते कार्ड आणि गावात बोअरचे पाणी पीत असल्यास ती माहिती, दोन्ही आधी सांगावे.

ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय कोणी स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवू शकत नाही. आपल्याकडे पाटीवरच्या शब्दावरून तेवढी खात्री होत नाही, म्हणून शिक्षण कुठे आणि किती वर्षे घेतले, हे स्पष्ट विचारावे. आठवड्याभराच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असेल तर परत फिरावे. दहा-पंधरा भेटींचे पैसे आधीच मागणारा, किंवा चालू गोळ्या बंद करायला सांगणारा, यांच्याकडेही जाऊ नये.

पहिल्या भेटीत चांगला ऑस्टिओपॅथ काम, झोप, जुने आजार आणि औषधे विचारतो व वाकवून, चालवून पाहतो. हे न करता थेट हात घालणारा योग्य नव्हे. बाईने सोबत घरचे माणूस न्यावे आणि कपडे किती काढायचे हे आधी ठरवावे. मानेला झटका देणार असतील तर नको म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहे, कारण त्यातून मानेतील रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका, विरळ असला तरी, असतोच. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकू शकते. तीन-चार भेटींनंतरही काहीच फरक नसेल, तर तोच उपचार पुढे न चालवता ग्रामीण रुग्णालयात पुन्हा तपासून घ्यावे, आणि पाय बधिर होऊ लागला तर तेवढ्या भेटींचीही वाट पाहू नये.