माणूस दलममध्ये का जातो: कारणे तपासण्याची एक रीत

राजकीय अतिरेकाविषयी लिहिताना ‘माथी भडकवली’ हे स्पष्टीकरण आयते हाताशी असते आणि बहुतेकांचा अभ्यास तिथेच संपतो. त्याऐवजी संबंधित माणूस आपले बरेवाईट जाणतो असे गृहीत धरावे आणि त्या दिवशी त्याच्यापुढे कोणते मार्ग खुले होते, हे शोधावे. गडचिरोलीतील नक्षलवाद हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे. नक्षलवाद्यांच्या जंगलात फिरणाऱ्या सशस्त्र तुकडीला दलम म्हणतात.

आधी ‘समर्थक’ हा शब्द फोडावा. दलमला जेवण देणारा, गावात निरोप पोहोचवणारा, बंदूक घेऊन जंगलात जाणारा आणि धोरण ठरवणारा नेता या चौघांचे हिशोब वेगळे असतात. ते एकत्र केले की विचारधारेखेरीज काहीच दिसत नाही.

मग लाभ पाहावा, तोही ठोस. 1980च्या सुमारास आंध्रातून आलेली दलमे गावात शिरली ती तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीसाठी लागणाऱ्या पानांच्या, दरावरून. उन्हाळ्यात घरातली बायका-मुलेसुद्धा पाने तोडून पुडे बांधत आणि मजुरी शेकड्याच्या हिशोबाने मिळे. दर कंत्राटदार ठरवी, पुडा खराब म्हणून बाद करणेही त्याच्याच माणसाच्या हाती असे; शिवाय वनखात्यातील खालच्या कर्मचाऱ्यांची चिरीमिरी वेगळीच. दलमच्या धाकाने दर वाढले. मार्क्स कोण हे ठाऊक नसलेल्या कुटुंबालाही हा फरक त्याच हंगामात कळत होता.

मात्र इथे एक अडचण आहे आणि पुष्कळ लेखक ती ओलांडून पुढे जातात. वाढलेला दर घरी बसलेल्यालाही मिळतो. मग जीव धोक्यात घालून जंगलात कोणी का जावे? म्हणून त्या एका व्यक्तीला वेगळे काय मिळाले, हे विचारावे लागते: वडीलधाऱ्यांपुढे ज्याला बोलता येत नव्हते अशा तरुणाला मिळालेला मान, मनाविरुद्धच्या लग्नातून सुटण्याची मुलीला दिसलेली वाट, जुन्या वैराचा हिशोब. भीतीही याच हिशोबात धरावी. खबऱ्या ठरवून दलम मारते, समर्थक ठरवून पोलीस उचलतात. अशा वेळी तटस्थ राहणेच सर्वांत धोक्याचे वाटू लागते.

यानंतर आपले स्पष्टीकरण चुकीचे ठरू शकते का, हे पाहावे. ‘तो गेला, म्हणजे त्याला फायदा दिसला असणार’ हे गोल फिरणारे विधान आहे, त्यातून काही कळत नाही. त्यासाठी न गेलेली माणसे शोधावीत. गरिबी हेच कारण असते, तर जिल्ह्यातल्या प्रत्येक गरीब घरातून कोणीतरी गेले असते. तसे झाले नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ग्रामसभेच्या मार्गाने लढा दिला, 2006च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवले आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, म्हणजे जंगलातला बांबू बाहेर नेण्याचा परवाना ग्रामसभाच देऊ शकली. जिल्हा तोच, जंगल तेच. पण तिथे आधीपासून दुसरा मार्ग उभा होता. माझ्या मते दारिद्र्याच्या आकडेवारीपेक्षा ही तुलना अधिक शिकवते.

शेवटी परतीची किंमत मोजावी. गुन्हे नोंदले गेल्यावर मत बदललेल्या माणसालाही घरी येता येत नाही, म्हणून तो अजून आत आहे एवढ्यावरून त्याची निष्ठा मोजू नये. राज्याची 2005ची आत्मसमर्पण योजना नेमकी हीच किंमत कमी करते. तरीही एकट्याने परतणाऱ्याला जुन्या साथीदारांची भीती उरतेच. ऑक्टोबर 2025मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हा ज्येष्ठ नेता सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आला. त्या घटनेचा अभ्यास करताना त्यांचे विचार बदलले का, याच्या आधी त्यांनी एकेकट्याने न येता एकत्र शरण येणे का पसंत केले आणि सूड घेऊ शकणारे मागे कितीजण उरले होते, हे विचारावे.