रंगीत पेन्सिलींच्या जुडीतून पेन कसा कातायचा

पेन्सिलींची जुडी चिकटवून पेन कातायचा, तर सगळं काम पेनाच्या नळीसाठीचं भोक कुठे पडतं यावर ठरतं. पहिल्यांदा मी मधे एक आणि भोवती सहा अशा सात पेन्सिली चिकटवल्या होत्या. फुलासारखी ती जुडी मला फार आवडली. पण भोक पाडलं आणि मधली पेन्सिल भुश्यात गेली. भोवतीच्या सहांची शिसं मध्यापासून ७ मिमी लांब, आणि बारीक पेन मध्यापासून जेमतेम ५ मिमी उरतो. सगळा रंग लेथखाली (कातायच्या यंत्राखाली) पडला, हातात साधं लाकूड राहिलं.

म्हणून सहाच पेन्सिली घ्या. खाली तीन, त्यांच्या खाचांत दोन, वर एक. खालच्या रांगेतली मधली आणि तिच्यावरच्या दोघी यांचे कोपरे जिथे भिडतात, तोच त्रिकोणाचा मध्य. भोक तिथंच पाडायचं. या तिघींची शिसं मध्यापासून ४ मिमीवर येतात आणि पेनावर उभे पट्टे होऊन दिसतात. आवडीचे, ठळक रंग त्यांनाच द्या. टोकाच्या तिघींची शिसं कातण्यात जातात, त्यांच्या वरच्या रंगाची बारीक रेघ तेवढी राहते.

पेन्सिली षटकोनीच हव्यात, गोल पेन्सिलींत फटी राहतात. बाकी ७ मिमी नळीचं स्लिमलाइन किट (बारीक पेनाचे सुटे भाग आणि दोन पितळी नळ्या), ७ मिमी ड्रिल, एपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा गोंद) आणि फेविक्विक.

पेन्सिलीवरची चकाकी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच मारा. रंग खरवडू नका, रेघा त्याच्याच असतात. लाकडाचा पांढरा गोंद या रंगावर धरत नाही, एपॉक्सीच लावा. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एपॉक्सी वाटीतच घट्ट होतं. सकाळी लवकर आणि थोडंथोडं कालवा. क्लॅम्पपेक्षा सायकलची जुनी ट्यूब बरी. पंक्चरवाल्याकडून आणा, बोटभर रुंद पट्ट्या कापा, जुडीवर प्लास्टिक लपेटून वरून ताणून गुंडाळा. चोवीस तास हात लावू नका.

मध्य दोन्ही टोकांना टोच्याने खुणावून जुडी लेथवर दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांत) धरा आणि १४ मिमी जाडीपर्यंत गोल करा. मग नळीपेक्षा २ मिमी जास्त लांबीचे दोन तुकडे कापा. लाकडाचा लेथ नसेल तर संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टर्नरला (लेथ चालवणाऱ्याला) विचारा, लोखंडाच्या लेथवरही हे होतं. तुकडा चकात (लेथच्या जबड्यांत) धरून सावकाश ड्रिल करा. रंगीत शिसात मेण असतं, ते ड्रिलच्या खाचांत भरतं आणि तापतं. दर ५ मिमीला ड्रिल बाहेर काढून पुसा. मधेच लाईट गेली तर आधी स्विच बंद करा, नाहीतर वीज येताच मशीन आपोआप फिरू लागेल.

पितळी नळी घासून एपॉक्सीने बसवा. दुसऱ्या दिवशी टोकं काटकोनात घासून तुकडे मँड्रेलवर (लेथवर तुकडे धरणाऱ्या दांड्यावर) चढवा.

इथून पुढे घाई नको. गोल पटाशी नुकती धार लावलेली हवी. आधी रंगाचे कपचे उडतात, मग लाकडाची लांब साल निघते, आणि शिसाला धार लागली की आवाज एकदम मऊ होतो. तिथं थांबा आणि पातळ फेविक्विक पाजा, कारण ठिसूळ शिसाचे टवके उडतात. ते सुकलं की पुढे काता. पुन्हा एक थर दिल्याशिवाय पॉलिश पेपर लावू नका. कोरडं घासलं तर लाल-निळी भुकटी फिक्या लाकडात शिरते आणि पट्ट्यांच्या कडा मळतात. फेविक्विक टिश्यू पेपरने लावा. सुती कापडाने कधीच नको, ते तापून धूर येतो. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा आणि खिडकी उघडी.

चार-पाच थर झाले की ओल्या बारीक पेपरने चमक आणा. किटचे भाग व्हाइसच्या जबड्यांत लाकडाचे तुकडे ठेवून दाबून बसवा. रिफिल आत-बाहेर करणारी यंत्रणा मात्र एका दमात आत ढकलू नका. थोडी दाबा, रिफिल लावा, निब किती बाहेर येते ते बघा, मग पुन्हा थोडी दाबा.