स्विफ्ट वळत का नाही?

ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानात शंकू मांडून आखलेल्या वाटेवर वेळ लावून गाडी पळवायच्या शर्यतीला, जायच्या आदल्या रात्री आधी डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाण्याचे कॅन, सगळं बाहेर. पहिल्या वेळी माझा जॅक आतच राहिला आणि प्रत्येक वळणावर मागे धडाधड आपटत होता. निम्मं लक्ष तिकडेच. टाकीही भरू नका. ४० लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ ३० किलो.

माझी जुनी स्विफ्ट फ्रंट व्हील ड्राइव्ह. इंजिन, गिअरबॉक्स पुढे, म्हणजे वजनही पुढेच जास्त. पुढच्या दोन टायरनीच ओढायचं आणि वळायचंही. मातीवर वेगात आत शिरलात की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच शंकूंवर जाते. तेव्हा आणखी फिरवू नका, उपयोग नाही. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेतच संपवा. मग ॲक्सिलरेटर सोडताच वजन पुढे येतं, नाक दबतं, नेमकं तेव्हा वळवा. शेपूट हलकी झालेली असते, ती थोडी सरकते, सरकू द्या. नाक वळणातून बाहेर पडायच्या दिशेला आलं की मग गॅस, म्हणजे ॲक्सिलरेटर. अगदी तीव्र वळण असेल तर हँडब्रेकचा एक झटका.

मित्राच्या जिप्सीत हे सगळं उलटं. टू-व्हील मोडमध्ये मागची चाकं ढकलतात, घाईने गॅस दिला की गाडी गिरकी घेते. तिथे उजवा पाय हळू, आणि शेपूट जाईल तिकडेच स्टिअरिंग. शिवाय ती उंच, पाटे-स्प्रिंगवर डुलते. डावी-उजवी लागोपाठ वळणं असली की मी तरी स्विफ्टच घेईन.