कुंडीत आपोआप उगवलेलं फुलझाड ओळखायचं कसं?

पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की कुंडीत, वाफ्यात नाहीतर कंपाउंडच्या कडेला एखादं तरी असं झाड दिसतंच जे आपण लावलेलं नसतं, मग एक दिवस त्याला फूल येतं आणि प्रश्न पडतो की हे नक्की काय, ठेवायचं का उपटायचं. माझं म्हणणं असं की लगेच उपटू नका, आणि फुलाच्या रंगावरून नाव शोधायला तर अजिबात जाऊ नका. "पिवळं फूल, पाच पाकळ्या" एवढ्यावर शोधलंत तर ढीगभर झाडं समोर येतील आणि त्यातलं जे फोटोत जवळपास दिसेल तेच आपलं असं वाटायला लागेल. रंग सगळ्यात शेवटी. आधी पान, खोड, फुलाची मागची बाजू, आणि थोडं थांबायची तयारी असेल तर शेंग.

सुरुवातीला एवढंच आठवा की त्या कुंडीतली माती कुठली. शेणखत घातलं असेल तर गुरांनी चरलेल्या तणांचं बी त्यातून येतं, नर्सरीच्या पिशवीतून तिथलं तण येतं, ग्रिलवर पक्षी बसत असतील तर टणटणी किंवा तोंडलीसारखी फळं खाऊन टाकलेलं बी पडतं, आणि एकदांडीचं बी तर वाऱ्यावर उडत वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीतसुद्धा पोचतं. शेजारच्यांकडे गुलबाक्षी किंवा तेरडा असेल तर अर्धं कोडं तिथेच सुटतं.

आता पान. पानं खोडावर समोरासमोर जोडीने आलीत का एकाआड एक, हे बघा. मग बघा की ते एक अख्खं पान आहे का छोट्या छोट्या पानांचं, म्हणजे पर्णिकांचं, मिळून एक मोठं पान. इथे खूप लोकांची गल्लत होते, पण ओळखायची युक्ती सोपी आहे: जिथे पानाचा देठ खोडाला चिकटतो तिथे बगलेत एक बारीक डोळा असतो, ज्यातून पुढे फांदी किंवा फूल येतं. हा डोळा खऱ्या पानाच्याच बगलेत असतो, छोट्या पर्णिकेच्या बगलेत नसतो. टाकळ्याची साधारण तीन जोड्या पर्णिका मिळून एकच पान होतं, आणि हे समजलं की निम्मी झाडं आपोआप बाद होतात. शिरासुद्धा बघा, सरळ समांतर असतील आणि पाकळ्या तीनच्या हिशोबात असतील तर ते केना वगैरेंच्या गटातलं, जाळीदार शिरा आणि चार किंवा पाच पाकळ्या असतील तर दुसऱ्या मोठ्या गटातलं. केन्याला वरवर दोनच निळ्या पाकळ्या दिसतात हं, तिसरी लहान असते, नीट वाकून बघावं लागतं आणि तेही सकाळी, कारण दुपारपर्यंत फूल मिटून जातं.

खोड दोन बोटांत धरून फिरवा. चौकोनी लागलं, पानं समोरासमोर असली आणि फुलाला वर-खाली ओठ असले तर ते बहुतेक तुळशीच्या कुळातलं, म्हणजे तुंबा, रानतुळस, सब्जा वगैरे. चौकोनी खोड टणटणीचंही असतं पण तिला बारीक काटे आणि पानांना उग्र वास असतो. खोड मोडल्यावर पांढरा चीक आला तर दुधी (भोपळा नव्हे, त्या नावाचं तण) किंवा रुईचा विचार करा आणि तो हात डोळ्यांना लावू नका, रुईच्या चिकाने डोळ्याला खरोखर इजा होते.

फूल बघताना मागून बघा. झेंडूसारखं दिसणारं फूल हे एक फूल नसतंच, खूप बारीक फुलांचा तो गुच्छ असतो, त्यामुळे तिथे "पाकळ्या" मोजून उपयोग नाही. मध्ये जास्वंदीसारखी नळी आणि तिच्यावर पुंकेसर दिसले तर ते भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं, आणि त्यात फळ चक्रासारखं खाचाखाचांचं असेल तर ती मुद्रा, हीच अतिबला.

हे सगळं कसं जुळतं ते पिवळ्या फुलांवरच दाखवतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. समजा फुलाला चार पाकळ्या आहेत, त्या चारही एकाच बाजूला कललेल्या आहेत, पान तीन-पाच पर्णिकांचं आहे, खोड हाताला चिकट लागतं आणि चुरगळल्यावर उग्र वास येतो: ही पिवळी तिळवण. चार पाकळ्या बघून मोहरी समजतात लोक, पण मोहरीच्या पाकळ्या चार दिशांना पसरतात आणि झाड असं चिकट नसतं. पाच पाकळ्या, टोकाला गोलसर अशा तीन जोड्या पर्णिका, लांब बारीक वाकडी शेंग आणि संध्याकाळी पानं मिटतात, तर टाकळा. पण पर्णिका टोकदार, चार-पाच जोड्या आणि शेंग चपटी असेल तर तो कासविंदा, आणि हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण टाकळ्याची कोवळी पानं आपल्याकडे भाजी म्हणून खातात तर कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावल्याच्या घटना पश्चिम उत्तर प्रदेशात नोंदल्या गेल्यात. म्हणून ओळख पक्की होईपर्यंत पान, फूल, बी काहीही जिभेला लावायचं नाही, वास घेतला तरी पुरे. धोतरा आणि कळलावी या दोन्ही दिसायला सुंदर पण जबर विषारी, कळलावीच्या पानाचं टोक लांब होऊन आधाराला गुंडाळतं आणि धोतऱ्याचं फळ काटेरी असतं, तेवढ्यावर दोन्ही ओळखता येतात. घरात लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर यांच्या बाबतीत थांबू नका, हातमोजे घालून काढा.

फोटो काढून ॲपला विचारायला माझी काही हरकत नाही, गूगल लेन्स, प्लँटनेट, आयनॅचरलिस्ट सगळे उपयोगी आहेत, पण एकाच फुलाचा जवळून काढलेला फोटो देऊन बरोबर उत्तराची अपेक्षा करू नका. अख्खं झाड (शेजारी पेन ठेवून, म्हणजे उंचीचा अंदाज येतो), पान वरून आणि खालून, पान खोडाला लागतं ती जागा, फूल समोरून आणि मागून, आणि फळ, एवढे वेगवेगळे फोटो घ्या. कडक उन्हात फूल पांढरंफटक येतं, सकाळी नाहीतर सावलीत काढा. आयनॅचरलिस्टवर जाणकार माणसं येऊन नाव तपासतात म्हणून मला तेच जास्त भरवशाचं वाटतं, मात्र जागा आणि तारीख टाकायला विसरू नका. ॲपने नाव दिलं की ते तसंच मान्य न करता त्या झाडाचं वर्णन उघडा आणि आपण बघितलेली पानाची मांडणी, खोड, फळ जुळतंय का बघा. एक जरी पक्की खूण जुळली नाही तर नाव चुकीचं आहे असं धरून चाला. आणि मराठी नावासोबत शास्त्रीय नाव लिहून ठेवा, गावागणिक नाव बदलतं, एकाच नावाची दोन-तीन झाडंही निघतात.

तरी जमलं नाही तर फांदी दाबून वाळवा. फूल, पान आणि जमल्यास फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात पसरून ठेवा, वर जड पुस्तकं, आणि पावसाळ्यात कागद रोज बदला नाहीतर बुरशी धरते. ताज्या फुलाचा रंग आणि वास आधीच लिहून घ्या, वाळल्यावर दोन्ही जातात. असा नमुना जवळच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या सरांना किंवा मॅडमना दाखवता येतो, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये असेच वाळवलेले नमुने जपून ठेवलेत.

थांबायचं नाही असं अजून एक झाड म्हणजे गाजर गवत. पानं गाजरासारखी चिरलेली, फुलांचे बारीक पांढरे पाचकोनी गुच्छ, १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि तिथून देशभर पसरलं. याने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. फुलं यायच्या आधी हातमोजे घालून मुळासकट काढा, आणि फुलं आलीच असतील तर ते कंपोस्टमध्ये टाकू नका, बी तिथूनच पुढच्या वर्षी सगळ्या कुंड्यांत जातं.